धुरींच्या अंगणातली पाठमोरी पावलं

अंबादास खिल्लारे कोणाच्याही घरी गेला की उंबऱ्याच्या आत येऊन आधी खाली वाकतो. नवीन माणसाला वाटतं, काय हा नम्र गृहस्थ! नमस्कार-बिमस्कार काही नसतो. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून तो लादीवर टकटक करतो, मान तिरकी करून ऐकतो, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर एक तर समाधान दिसतं, नाहीतर घरमालकाची कीव. माझ्या पुतणीच्या लग्नात सगळे नवरीकडे बघत होते आणि हा गायब. शोधलं तर हॉलच्या कोपऱ्यात उकिडवा बसलेला. मला म्हणाला, "बापू, हॉल झकास आहे हो, पण स्टेजपासून जेवणाच्या टेबलांपर्यंत सगळा पोकळ वाजतोय." मी म्हटलं, "नवरदेवाचं डोकं पण वाजवून बघ एकदा." तो खरंच निघाला असता. शकुने, म्हणजे त्याच्या बायकोने, दंडाला धरून त्याला पंगतीत नेऊन बसवला.

माणूस परभणीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात आईबापाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. तिथून जो मुंबईला आला तो कांजूरमार्गला टेकला. खडी फोडणारा हळूहळू खडी पसरायला लागला, मग थापी हातात आली, आणि पुढची चाळीस वर्षं घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात त्याने किती अंगणं, किती ओटे, किती जिने बांधले त्याची मोजदाद नाही. कोणी कौतुकाने नव्या लादीचा नमुना दाखवायला लागलं की हा त्याला मध्येच तोडायचा. "लादी कुठली पण आणा साहेब. खाली काय आहे ते आधी सांगा." खालच्या भरावावरून त्याने मोठमोठ्या लोकांशी भांडणं केली आहेत. काम सोडून गेला, पण मातीवर लादी चिकटवली नाही.

एकदाच चिकटवली. तीच गोष्ट सांगतोय.

भुताखेतांवर अंबादासचा काडीचा विश्वास नाही. घरात बुद्धाची मोठी तसबीर, कपाटभर पुस्तकं, आणि वस्तीत कोणाला लागिर-बिगिर झालं की हा पहिला डॉक्टरकडे घेऊन जाणार. असा हा खमका माणूस, पण आमच्या गल्लीत एकोणतीस वर्षं पाऊल टाकलं नाही त्याने. आमच्या पलीकडच्या सोसायटीत महिनाभर काम होतं तेव्हा मधून दोन मिनिटांची वाट सोडून, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून जायचा. मला भेटायचं असेल तर नाक्यावर चहाच्या टपरीवर बोलवायचा.

आता यावर लोक बोलणारच. आणि लोक म्हणजे कोण, हे आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा, माझ्याकडे बोट दाखवतील. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या टोकाला आमची 'रामेश्वर छाया', तीन मजली. गिरण्या सुटलेल्या मालवणी लोकांनी घेतलेली घरं. तळमजल्यावाल्यांना मागे छोटं अंगण, आणि पहिल्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून खालच्या धुरींचं अंगण ताटात वाढल्यासारखं दिसतं. सोसायटीत सीसीटीव्ही बसवला तेव्हा मीटिंगमध्ये कोणीतरी ठराव मांडला होता, बापूंचा निरोप समारंभ करावा.

तर माझा अंदाज असा होता की अंबादास रुसलाय तो धुरींच्या म्हातारीवर. धुरींचं अंगण त्यानेच केलं होतं, चौऱ्याण्णव साली. म्हातारी त्याला चहा द्यायची ती कान तुटलेल्या कपात, आणि तो कप घराबाहेर नळाखाली वेगळा ठेवलेला असायचा. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि शेवटच्या दिवशी अंबादासने तो कप भरलेल्या चहासकट पायरीवर उपडा करून ठेवला, हेही बघितलं होतं. म्हटलं, झालं, हेच कारण. मी ते तसंच सगळ्यांना सांगितलंही. चुकीचं होतं.

आता धुरींच्या घरात या.

चंद्रप्रकाश धुरी, त्याची बायको सुगंधा, मुलगा सिद्धेश आणि धाकटी अक्षता. म्हातारी ती चंद्रप्रकाशची आई. अंगण झालं त्या साली अक्षता पाच वर्षांची होती. घरात चालायची नाही, उड्याच मारायची. त्याच वर्षी दिवाळी झाली आणि तिला ताप आला. तो डोक्यात गेला. चार दिवसांत सगळं आटोपलं.

पुढच्या वर्षी पाऊस गेला, ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं, आणि धुरींच्या मागच्या दारासमोरच्या लादीवर दोन पावलं उमटली.

पांढरी. शेजारी शेजारी, जोडलेली. वीतभरही नव्हती. काळ्या शहाबादी लादीवर कोणी पिठात पाय बुडवून उभं राहिल्यासारखी. बोटं दिसायची नाहीत, नुसता आकार, एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळता. रुंद बाजू फाटकाकडे. म्हणजे टाचा घराकडे आणि पुढचा पाय बाहेर. घरातून निघालेली पावलं. पाठमोरी. आठ-दहा दिवस राहिली आणि पुसट होत गेली. पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा.

पाठमोरी आहेत हे पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं. कोण ते सांगेन, घाई करू नका.

सुगंधाने आरडाओरडा केला नाही, अंगात आणलं नाही, बुवा-बाबा काही केलं नाही. त्या दिवसांत ती लादी झाडायची नाही एवढंच. दुपारी कामं उरकली की मागच्या दारात बसायची. समोर वाटीत दूधपोहे. चंद्रप्रकाश आधी चिडायचा, मग तोही शेजारी बसायला लागला. म्हातारी मात्र त्या दिवसांत मागच्या खोलीत यायचीच नाही. पुढच्या दारात तोंड फिरवून जपमाळ ओढत राहायची, आणि एक दिवस तशीच गेली. सुगंधाला एकदा मी विचारलं होतं, "अगं, भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "भीती कसली बापू? माझीच पोर. येते कधी ते कळत नाही, जाताना तेवढी दिसते. दरवर्षी जाते हो. एकदा पण तोंड नाही दाखवत. मी काय केलं तिचं?"

असलं ऐकल्यावर मी गॅलरीचं दार लावून आत गेलो होतो. वाण्याच्या सुनेची एक चटकदार बातमी हाताशी होती, तीही कोणाला सांगावीशी वाटली नाही. यावरून ओळखा.

वर्षं गेली. म्हातारीच्या मागून चंद्रप्रकाशही गेला. सिद्धेशचं लग्न झालं, तो कुठल्याशा कुरिअर कंपनीत साहेब झाला. आणि अंगण खचत गेलं. लाद्या म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारख्या, एक वर, एक आत, एक डुगडुगती. गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुगंधा पाण्याची बादली घेऊन निघाली, लादीच्या कडेला पाय अडखळला आणि पडली. मनगट मोडलं, कंबरेला मार.

सिद्धेशने त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "आई, बस झालं. हे सगळं उखडून टाकतो. मस्त बैठक करू, चार खुर्च्या, दोन कुंड्या. तू बस आरामात."

"माझ्या लाद्यांना हात लावायचा नाही."

"अगं, पुढच्या वेळी कंबर मोडेल! मग अंथरुणात सगळं करायचं का तुझं?"

"मोडू दे. लाद्या काढल्यास तर अक्षता कुठे येईल?"

दोन दिवसांनी सिद्धेश माझ्याकडे आला, गॅलरीत खांबाला टेकून उभा राहिला. "बापू, आईला समजवा ना यार. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, आहे त्याच्यावर चार इंच काँक्रीट मारू, वर टाईल्स. गॅरंटी देतो. पण आई उंबऱ्यावर बसून आहे, दोन दिवस जेवली नाही. आणि मला पण... माझी पण बहीण होती ना ती."

मी म्हटलं, ज्याने केलंय त्यालाच बोलवू. मी अंबादासला फोन लावला.

"धुरींकडे?" मग म्हणाला, "बापू, गुडघ्यांनी रजा टाकलीय माझ्या. दुसरा माणूस देतो, चांगला आहे."

"दुसरा नको. त्या जमिनीखाली काय आहे ते तुला माहीत."

"ते तुम्हाला कोणी सांगितलं?" असा काही दचकून बोलला, मला गंमतच वाटली.

"काय सांगायचंय? घाबरलास होय रे भुताला? एवढी पुस्तकं वाचून?"

हा टोला मी मुद्दाम मारला. अंबादासला भित्रा म्हटलेलं चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फाटकात उभा होता.

उतरून खाली गेलो तेव्हा तो अजून आत आला नव्हता. फाटकाच्या कडीवर हात ठेवून लांबूनच बघत होता. ऑक्टोबर लागला होता. दारासमोरच्या लादीवर पावलं उमटायला सुरुवात झाली होती, अजून फिकी होती.

मग आला. वाकून एकेक लादी वाजवत गेला. "ही बोलते, पोकळ आहे. ही बोलते. ही पण." पावलांच्या लादीपाशी पोचला आणि तिथे मात्र बोट दुमडलं नाही त्याने. नुसता तळहात ठेवला, तापलेल्या तव्यावर ठेवावा तसा, आणि उचलला.

सिद्धेशने कॉन्ट्रॅक्टरचा बेत सांगितला. धंद्याची गोष्ट निघाल्यावर अंबादासचा आवाज जाग्यावर आला.

"चार इंच वर घेतलं की अंगण तुमच्या उंबऱ्याच्या डोक्यावर बसलं. पावसाचं पाणी कुठं जाणार? किचनमध्ये. आणि ही जमीन खाजणाची, खारी, साहेब. पावसात फुगते, उन्हात बसते. अशा जमिनीवर काँक्रीटचा पाट ठेवला तर चार वर्षांत मधोमध तडकणार."

"मग काँक्रीट नको. रेतीवर बसवू?"

"रेती घुशींना फार आवडते. खालून भुयार केलं की परत तुमची आई पडणार."

"मग करायचं काय काका?"

"सगळं काढायचं. हा जुना सिमेंटचा कोबा फोडायचा, खालची काळी माती दीड फूट उचलायची. तळाला दगडी भराव. त्यावर मुरूम, धुम्मस मारून मारून घट्ट. मग खडी, वर बारीक कच, त्यावर याच लाद्या. सिमेंटचा कण नाही. वरचं पाणी झिरपून जाईल, उरेल ते उताराने गटारात. खालचं मीठ वर चढणार नाही."

"मीठ?" सिद्धेश म्हणाला.

अंबादास पुन्हा लाद्या मोजायला लागला. तेवढ्यात मागच्या दारातून सुगंधा बोलली. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. "अंबादासभाऊ, बऱ्याच वर्षांनी आलात. चहा ठेवते. पण फोडायचं नाव काढायचं नाही. तिची वाट आहे ही."

"वहिनी, तुम्ही पडलात..."

"पडले तर पडले. वर्षातून एकदा जाताना दिसते, तेवढं पण काढून घेणार तुम्ही?"

"जाताना?" अंबादास म्हणाला.

"बघा ना. पाठमोरीच असते. फाटकाकडे तोंड."

अंबादासने लादीकडे बघितलं. मग फाटकाकडे, मग दाराकडे, मग पुन्हा लादीकडे. चपला हातात घेऊन तसाच अनवाणी फाटकाबाहेर पडला. सुगंधाचा चहा गॅसवर उकळत राहिला.

मी मागे धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाला जमेल तसं. नाक्यावरच्या टपरीत त्याला गाठला. दोन कटिंग सांगितले. त्याचा ग्लास तसाच राहिला, आणि तो बोलायला लागला.

"चौऱ्याण्णव साली चंद्रप्रकाशशेठची घाई होती. गणपतीच्या आत अंगण पाहिजे. मी म्हटलं, भराव घालू द्या, पंधरा दिवस द्या. ते म्हणाले, माती सपाट कर आणि कोबा टाक. ऐकायला नको होतं. ऐकलं. त्यात पाऊस मध्ये आला, गणपती बसले तरी दारासमोरचा तुकडा राहिलाच. गौरी यायच्या दिवशी सकाळी तो धरला. सिमेंटचा ओला माल पसरला, दोरी बांधली, लाद्या घ्यायला वळलो. तेवढ्यात बाया गौर घेऊन फाटकातून आल्या, वहिनी आत होत्या. पुढे ती पोर, नवीन परकर, हातात तेरड्याची जुडी. माझी दोरी बघितली आणि मारली उडी वरून. धप्पकन दोन्ही पाय मालात."

"मग?"

"मी थापी उचलली पुसायला. तर म्हातारी ओरडली. 'पुसू नको रे मेल्या! गौर इली माझ्या घराक. तसाच ऱ्हवांदे, वर लादी घाल. आणि सुनेक सांगू नको, चेडवाक मारतली.' पोरीला मार बसेल म्हणून. बापू, मी गौर मानत नाही. त्या बाईने मला कधी धड कपात चहा दिला नाही. पण तिचे डोळे भरले होते हो. आणि माल सुकत चालला होता. मी त्या पावलांवर तशीच लादी ठेवली. खाली पोकळ राहणार हे माहीत असून ठेवली. आयुष्यात एकदा."

दोन महिन्यांनी पोर गेली, ते त्याला मीच याच टपरीवर सांगितलं होतं. पुढच्या वर्षी पावलं उमटली, तेही मीच.

"तुम्ही सांगितलंत तेव्हाच कळलं मला," तो म्हणाला. "खड्ड्यात पाणी साठतं, खाजणातलं मीठ घेऊन वर येतं, सुकलं की पांढरा लोणा धरतो. एवढंच आहे ते. पण ते मला डोक्यातून कळलं बापू, दुसरीकडे कुठे नाही कळलं. तेव्हापासून कुठंही गेलो की लादी वाजवतो. पोकळ लागली की वाटतं, खाली कोणाचं तरी पाऊल आहे."

त्याचं ते टकटकणं! आम्ही इतकी वर्षं त्यावर हसत होतो. मी तर नक्कल करून दाखवायचो.

"भुताला नाही घाबरत मी," तो म्हणाला. "माझंच काम बघायची छाती नव्हती. वाटायचं, सांगितलं तर त्या बाईची पोर दुसऱ्यांदा जाईल. नुसतं मीठ राहील. म्हणून गप्प बसलो. पण आज ती म्हणते, जाताना दिसते. जाताना कुठली हो! पोर उडी मारून आत येत होती. टाचा फाटकाकडे. उडी मारली की भार टाचेवर येतो, टाचेचा खड्डा खोल, तिथं पाणी जास्त, तिथं पांढरं जास्त पसरतं. रुंद दिसते ती टाच आहे, बापू! कोणी सांगितलं तिला की पाठमोरी आहेत?"

माझा कटिंग हातात तसाच होता. आता सांगतो कोण म्हणालं.

पंच्याण्णव सालचा ऑक्टोबर. मी गॅलरीत दात घासत उभा. खाली बघितलं, दोन पांढरी पावलं. तोंडात फेस असताना मला विनोद सुचला. ओरडलो, "ए सुगंधा, बघ गं, तुमच्या घरातून कोणीतरी अनवाणी पळालंय! फाटकाकडे गेलं बघ!" पोर जाऊन वर्षही झालं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सुगंधा बाहेर आली. लादीकडे बघितलं. आणि पाय मुडपून तिथेच खाली बसली. तिला पावलांत पाऊल दिसलं असतं की नसतं, आणि दिसलं असतं तर कुठल्या बाजूचं, देव जाणे. मी वरून सांगितलं तसं तिने बघितलं. मग सगळ्या सोसायटीने तसंच बघितलं.

अंबादासला हे मी सांगितलं. त्याने माझा ग्लास माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला फक्त, सांडत होता.

दुसऱ्या दिवशी तो पहार, छिन्नी आणि एक बारीक ब्रश घेऊन आला. पावलं आता चांगली ठळक झाली होती. सुगंधा उंबऱ्यावर आडवी बसली. "सांगितलं ना मी!"

अंबादासने पहार खाली ठेवली. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि टपरीवर बोलला ते सगळं बोलला. गौर, दोरी, उडी, म्हातारी, त्याची चूक, मीठ. काही राखून ठेवलं नाही. सिद्धेश दाराशी उभा होता. सुगंधाने शेवटपर्यंत ऐकलं, मग एवढंच म्हणाली, "दाखवा."

"वहिनी, काढल्यावर परत तशी बसणार नाही. पुढच्या वर्षी पावलं येणार नाहीत."

"दाखवा म्हटलं ना."

पहारीचं टोक कडेला घातलं. लादी चिकटलेली नव्हतीच, हलकेच उचलली गेली. खाली राखाडी कोबा, चिरा पडलेला. आणि त्यात मिठाने भरलेले दोन खड्डे. अंबादासने ब्रशने मीठ काढलं, फुंकर मारली. एका पायाची पाच बोटं, दुसऱ्याची चारच उमटलेली, पाचव्याचा नुसता ठिपका. बोटं उंबऱ्याकडे. टाचा फाटकाकडे, खोल रुतलेल्या.

भर दुपारचं ऊन, तरी माझ्या मानेवर काटा आला. इतकी वर्षं वरून बघितलं होतं, ते काहीच नव्हतं. इथे एक पाच वर्षांची मुलगी आत्ता उडी मारून उतरली होती आणि तिच्या पायांखाली चिखल अजून दबतोय असं वाटत होतं. सिद्धेश लहान मुलासारखा आईच्या मागे सरकला.

सुगंधाने चांगल्या हाताची बोटं त्या खड्ड्यात घातली. "डाव्या पायाची करंगळी टेकायचीच नाही तिची," ती म्हणाली. "मी चिडवायचे." मग अंबादासकडे बघून, "म्हणजे दरवर्षी यायचं ते नुसतं मीठ?"

"मीठच, वहिनी."

"आणि पाय?"

"पाय तिचेच."

"आत येणारे?"

"आत येणारे."

तिने मान वर केली. माझ्या गॅलरीकडे बघितलं, मग शेजारी उभ्या माझ्याकडे. "बापू, तुम्हाला चष्मा कधी लागला हो?"

"तेव्हाच लागायला पाहिजे होता, बाई," मी म्हटलं. ती हसली की रडली ते मला धड सांगता यायचं नाही. दोन्ही असेल. बराच वेळ चाललं ते. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "फोडा आता. मला चालताना पडायचं नाहीये." आणि लगेच, "पण हे डेब्रिजच्या गाडीत जाणार नाही. सांगून ठेवते."

अंबादासने पहार उचलली. "गाडीत कशाला? तळाला भराव लागतोच. जुन्या कोब्याचे तुकडे भरावाला चांगले. हाच घालू."

आठवडा लागला. दोन गडी घेऊन त्याने काळी माती उपसली. तिला मिठागराचा वास येत होता. कोब्याचे तुकडे तळाला रचले. पावलांचा तुकडा मात्र त्याने छिन्नीने चारही बाजूंनी सोडवून अख्खा काढला आणि सगळ्यांच्या शेवटी, दारासमोरच, स्वतः ठेवला. बोटं उंबऱ्याकडे. त्या खड्ड्यांत बारीक कच चिमटीने भरली, दाबली, पुन्हा भरली. पोकळ राहू नये म्हणून. मग मुरूम. बाकी सगळीकडे गड्यांनी मशीन फिरवलं, पण दारासमोरच्या तुकड्यावर त्याने मशीन येऊ दिलं नाही. गुडघे कुरकुरत असताना हाताने धुम्मस मारत राहिला, हळू, एका लयीत. मुरूम, मग खडी, मग कच, मग त्याच शहाबादी लाद्या. संध्याकाळी सुगंधाने चहा दिला, घरातल्या कपात. अंबादासने कप आधी डोळ्यांसमोर धरून फिरवून बघितला. "कान शाबूत आहे," म्हणाला. सुगंधा म्हणाली, "तुम्हाला ही खोट काढायची सवय बापूंमुळे लागली की आधीपासून आहे?"

जाताना त्याने सगळ्या लाद्या वाजवल्या. एकही बोलली नाही. दारासमोरची वाजवताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मान तिरकी करून फार वेळ ऐकत होता तो. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "काही नाही. भरीव आहे." टकटकायची सवय मात्र गेली नाही. परवाच आमच्या स्वयंपाकघरात वाकला होता.

हा ऑक्टोबर आला. लाद्या स्वच्छ, काळ्या. सुगंधा दूधपोह्यांची वाटी मांडत नाही. मागचं दार मात्र दुपारभर सताड उघडं ठेवते, पंखा लावून आत झोपते. मुलगी आत आली आहे, दार कशाला लावायचं, असा तिचा हिशेब. कोणाला काही विचारायची गरज नाही.

बघायची सवय उरली ती मला. गेल्या मंगळवारी सिद्धेशच्या बायकोने अंगण धुतलं. मी गॅलरीत होतो. उन्हात लाद्या भराभर सुकत गेल्या, कडा आधी, मग मध्य. दारासमोरच्या लादीवरचे दोन ओले डाग राहिले. लहान. शेजारी शेजारी. सगळं सुकलं तरी ते सुकेनात.

लाद्यांत उतार असतो, पाणी कुठेतरी रेंगाळतं, मला सगळं समजतं. अंबादास तिथे असता तर कारणही सांगितलं असतं. सुगंधा उघड्या दारातून समोरच दिसत होती, जागी होती. जिभेवर आलं होतं. नुसती हाक मारायची होती.

नाही मारली. बघा, आयुष्यात पहिल्यांदा बातमी तोंडात धरून मी आत गेलो आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. त्या डागांची रुंद बाजू कुठल्या अंगाला होती, हे मला विचारू नका. या वेळी मी चष्मा लावला नव्हता.